विनाशिकांच्या तोफा

मोठी जहाजं सगळी झाली होती. राहिल्या होत्या त्या विनाशिका. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आरमाराच्या, प्लास्टिकच्या, वीतभर लांबीच्या. रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्यांचे न उघडलेले खोके टेबलाखाली एकावर एक रचलेले होते. नवरा त्यांना हात घालणार, तेवढ्यात त्याचा हातच गेला.

अर्धांगाचा झटका आला तो कंपनीत, पहिल्या शिफ्टला, चहाच्या सुट्टीत. हातातला कप पडला, हे तो उचलायला वाकले आणि उठलेच नाहीत, असं त्यांच्याबरोबरचे फिटर सांगतात. मी त्याच कंपनीत स्टोअर सांभाळते, त्यामुळे मला फोन करावा लागला नाही, माणूसच धावत आला. पुढचं सगळं मी क्रमाने केलं. कुठली फाइल, कुठली गोळी, कुणाला कळवायचं, कुणाला अजून नाही. क्रमाने करणं मला येतं; दमणं नंतर येतं.

पाय परत आला. बोलणंही परत आलं, जरा जड. उजवा हात आला तो खांद्यापासून मनगटापर्यंत. बोटांनी मूठ वळायची, पण चिमूट होत नव्हती. आणि ह्यांचं आवडीचं काम सगळं चिमटीचं.

व्यायाम शिकवायला रोह्याहून पूल ओलांडून एक बाई यायच्या. त्यांनी एका वाटीत वाल ठेवले आणि एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितलं. ह्यांनी ते दोन दिवस केलं, मग वाटी बाजूला सारली. “वाल निवडायला मी काय नवी सून हाय?”

“काका, मग आवडीचं काहीतरी घ्या हातात,” बाई म्हणाल्या. “बोटं कंटाळली की येत नाहीत.”

 त्या गेल्यावर ह्यांनी मला मागच्या खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या खेपेला बाईंनी मला फाटकापाशी थांबवलं. हे असेच पडून राहिले तर हात आहे तिथेच थांबेल, मागोमाग खांदा आखडेल, मग उठवणं कठीण. एवढं सांगून त्या रिक्षात बसल्या. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच काम राहिलं: हा माणूस भिंतीकडून इकडे वळवायचा.

आरमाराचं थोडं सांगायला हवं. लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की जर्मनांचंच का? आमच्या शेजारीण वहिनी तर दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आल्या की विचारायच्या, “भावोजी, आपली जहाजं का नाय करत?” ह्यांचं उत्तर ठरलेलं होतं. इंग्रजांचं आरमार करायला घेतलं तर तीन जन्म पुरणार नाहीत. जर्मनांकडे मोठी जहाजं मोजकी. “संपणारं काम घ्यावं,” हे म्हणायचे. मला हे कारण पटलं होतं. न संपणाऱ्या कामाचा मला धसका आहे. म्हणून त्यांच्या कामाची यादी मीच ठेवायचे: कुठलं जहाज आलं, कुठलं रंगलं, कुठल्याची शिडी हरवली. नावं जर्मन, माझी जीभ वळत नाही, तेव्हा मी त्यांना मोठी एक, मोठी दोन, मधली चार असं म्हणायचे. ह्यांना ते आवडायचं नाही, पण यादी त्यांना लागायची.

ही जहाजं तळाशी सपाट असतात. पाण्यावर जेवढं दिसतं तेवढंच बनवायचं. बाकीचं पाण्याखाली आहे असं धरायचं. कपाटाच्या फळीवर ती समुद्रात उभी असल्यासारखी दिसायची. खोक्यात कागदाचे बारीक झेंडेही यायचे. जर्मनांचं ते चिन्ह कुठल्या खोक्यात अख्खं असायचं, कुठल्यात दोन तुकडे करून दिलेलं. हे तेवढं लावायचे नाहीत. “लोखंड मला आवडतं. त्यांनी त्यावर काय फडकवलं ते नाय,” म्हणायचे आणि तो कागद चुरगळून टाकायचे. झेंड्याशिवायची करडी जहाजं, ओळीने. पाहुणे विचारायचे, “बरीच बुडाली ना ही?” हे म्हणायचे, “जवळजवळ सगळी.” 

तर मी ठरवलं की विनाशिका पुऱ्या करून आणायच्या. समोर तयार जहाजं ठेवली तर माणूस निदान बघायला उठेल, असा माझा हिशोब. कोण करणार? माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले होते, म्हणजे पुढच्या वर्षाच्या मूर्ती सुरू व्हायच्या आधीचे मोकळे दिवस. रजा टाकली, खोके दोन पिशव्यांत भरले, शेजारीण वहिनींना ह्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि सकाळची एसटी पकडली. ह्यांना सांगितलं, माहेरी जाऊन येते. त्यात खोटं काही नव्हतं.

दादाने खोका उघडला आणि डोळ्यांजवळ धरला. “एवढीशी? आमच्या उंदराला बसायला पुरणार नाय.”

“तुझ्या उंदराला कोण बसवतंय? रंगवायचीत.”

“पाव्हण्यांना विचारलंस?”

“ते बोलत नाहीत.”

दादाने खोका वहिनीकडे सरकवला. वहिनी लगेच चष्मा लावून बसली. मूर्तींचे डोळे आमच्याकडे तीच आखते. तिचा हात हलत नाही. तिने जहाजाचं धड उलटं केलं. “वन्सं, ह्याचं बूड कुठं गेलं?”

“नसतंच. पाण्याच्या वर असतं तेवढंच.”

“म्हंजे आपल्या उलट. आपला बाप्पा अख्खा असतो आणि पाण्यात जातो.”

कारखान्यातल्या बायका हसल्या, आणि कामाला सुरुवात झाली ती कारखान्याच्या रीतीने. पेणमध्ये एक मूर्ती पुरी करून दुसरी कुणी हातात घेत नाही. एका साच्याच्या सगळ्या मूर्ती आधी पॉलिश पेपरने घासायच्या, मग सगळ्यांना अंगाचा रंग, मग सगळ्यांची पितांबरं, सगळ्यांचे दागिने, डोळे शेवटी. हात वेगळे ओतलेले असतात, ते एका ढिगात. उंदीर दुसऱ्या ढिगात. ज्याला हात लावायचे तो ढिगातून उचलतो आणि लावतो. मी लहानपणापासून हेच पाहिलं. पुढे स्टोअरमध्ये वेगळं काय करत आले? बोल्ट बोल्टांत, वायसर वायसरांत.

जहाजाचे भाग प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला चिकटलेले येतात, कच्च्या चिंचा डहाळीला असतात तसे. बायकांनी कटर घेतले आणि सगळ्या खोक्यांतल्या चौकटी दुपारपर्यंत मोकळ्या केल्या. ताटं मी स्वतः लावली. एका परातीत तोफा. दुसरीत धुरांडी. तिसरीत डोलकाठ्या, चौथीत टॉर्पेडोच्या नळ्या, एका वाटीत मुगाएवढ्या होड्या. इतकं नीट दिसत होतं की मला बरं वाटलं. दादाने स्प्रे गन काढली आणि सगळ्यावर एकदम करडा रंग मारला. भंगारवाला दारात आला होताच. रिकाम्या चौकटी त्याच्या गोणीत गेल्या. वहिनी म्हणाली, “आता पाव्हण्यांनी नुसतं चिकटवायचं. आमचं काम झालं.” जाताना तिने पोह्याचे पापड बांधून दिले, ते मी तोफांच्या डब्यावर अलगद ठेवले.

घरी आल्यावर मी सगळे डबे ह्यांच्या पलंगापाशी स्टुलावर मांडले.

“अहो, इकडे बघा जरा.”

हे वळले. आधी डबे पाहिले, मग मला. मग डाव्या हाताने तोफांचा डबा पुढे ओढला.

“नंबर कुठंयत?”

“कसले नंबर?”

“काडीवर असतात. प्रत्येक तुकड्याशेजारी, चौकटीवर. तुकड्यावर नसतात गो.” जड जिभेने त्यांना हे बोलायला वेळ लागला. “चौकटी कुठंयत?”

“दिल्या.”

“कुणाला?”

“भंगारात गेल्या.”

हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा, आणि मला ते हसू अजिबात आवडलं नाही. “म्हंजे संपलं,” म्हणाले आणि परत भिंतीकडे वळले.

मी दादाला फोन लावला. गोणी कुठल्या कुठे गेली होती. माझे हात कामात होते म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि तिकडून वहिनीने समजूत घालायला म्हणून आवाज चढवला. “वन्सं, काय एवढं घाबरायचं? सगळ्या सारख्याच तर हायत! कुठलीही कुठंही लावा. गणपतीला कुठल्या ढिगातला हात लागला ते कोण बघतं?”

पलंग करकरला. हे उठून बसले होते.

“सारख्या? सारख्या म्हणते ती?”

“अहो, तिला काय माहीत…”

“दे इकडे.” मी डबा द्यायच्या आत हे स्वतःच उठले, स्टुलापाशी आले आणि डाव्या हाताने एक तोफ उचलून माझ्या नाकासमोर धरली. “ही बघ. एक नळी. ही बघ, दोन नळ्या, ही युद्धाच्या पुढच्या वर्षांत बांधलेल्या विनाशिकेची, फक्त नाकावर बसते. आणि हिची पाठ बघ. गोल. हिची सपाट. वेगळ्या कारखानदाराचा खोका. सारख्या म्हणे!” फोन अजून चालूच होता. वहिनी पलीकडून म्हणाली, “पाव्हणे बोलायला लागले काय?” मी फोन बंद केला.

खोक्यांतून निघालेले जोडणीचे नकाशे मी मागच्या खोलीत ठेवले होते. दार मी लावलं होतं, उघडलं ह्यांनी.

इथे कुणाला वाटेल की सगळं मार्गी लागलं. मलाही वाटलं होतं. पण राग हे काही औषध नाही, तो दोन दिवसांत उतरतो, आणि मग समोर काम उरतं. काम भयंकर होतं. कुठला तुकडा कुठल्या जहाजाचा हे ह्यांनी नकाशावरून ओळखायचं. गोंद रंगावर धरत नाही, तेव्हा जिथे जिथे चिकटवायचं तिथला दादाचा करडा रंग आधी खरवडायचा. तो मी खरवडायचा, कारण त्याला दोन हात लागतात. मग मी तुकडा चिमट्यात धरायचा, हे सांगतील तिथे टेकवायचा. स्टोअरमधून घरी, स्वयंपाक, गोळ्या, आणि मग हे. रविवारी तर दुपारपासून.

ह्यांचा उजवा हात टेबलावर नुसता पडलेला असायचा, नकाशा उडू नये म्हणून त्यावर ठेवल्यासारखा. बाई आल्या की म्हणायच्या, “काका, त्याला वापरा.” हे म्हणायचे, “वापरतोय की. वजन म्हणून.” बाई हसायच्या नाहीत.

फिटर माणूस, आयुष्यभर हाताखालच्यांना काम सांगितलेलं. आता हाताखाली मी एकटी होते.

“तो नाय गो. त्याच्या शेजारचा.”

“हा?”

“उलटा धरलायस.”

“आता?”

“आता सुलटा, पण चुकीच्या जहाजावर.”

तासाभरात दोन तोफा बसायच्या. काही ओळखूच यायच्या नाहीत. जाड रंगाने त्यांच्या खुणा बुजल्या होत्या. त्या ह्यांनी वेगळ्या वाटीत टाकायला लावल्या. वाटी भरत चालली तसे हे चिडके होत गेले. मी एकदा स्टोअरमध्ये हिशोब करताना डोळे मिटून बसले, तर साहेबांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, तोफा लावतेय. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

आणि मग एका रविवारी माझ्या हातून डोलकाठी मोडली.

“गेली,” हे म्हणाले. “तुला सगळंच सारखं दिसतं. म्हणून तर…”

“म्हणून तर काय? बोला.”

“काय नाय. दुसरी धर.”

“मी नाही धरत.” मी चिमटा खाली ठेवला. “सकाळी स्टोअर, दुपारी स्टोअर, आणि घरी आले की हे तिसरं स्टोअर. तुमच्या हाताला विचारायला बाई येतात. माझ्या हातांना कोण विचारतं?”

“मी सांगितलं होतं खोके पेणला न्यायला?”

“कसे सांगणार? तोंड भिंतीकडे होतं.”

 मी बाहेर जाऊन त्यांच्याच पलंगावर पडले, स्वयंपाक न करता. कोण उपाशी राहील याचा विचारसुद्धा केला नाही, एवढी दमले होते. शेजारीण वहिनी वालाचं बिरडं घेऊन आल्या, मला पडलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, “गो बाय, आता तू पण पडलीस काय?” मी म्हटलं, “मी झोपलेय. उठणार आहे.” त्या भांडं ठेवून गेल्या.

पुढचे काही दिवस मी मागच्या खोलीत गेले नाही. हाक आली असती तर गेले असते, हे मला ठाऊक होतं. पण हाक आली नाही. ह्यांनी पुन्हा पलंग धरला असता तर दोष माझ्याकडेच येणार होता, मी आधीच स्वतःला तो देऊन ठेवला होता. पण हे संध्याकाळी उठून आत जायचे. आतून खरवडल्याचा आवाज यायचा, थांबायचा, काहीतरी पडायचं, शिवी यायची, परत खरवडणं. मी भाजी चिरत ऐकायचे. दोन हातांचं काम हे एका हाताने कसं करतायत, याचा अंदाज येईना, आणि जाऊन बघायचंही नव्हतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. घरी आले तर मागचं दार उघडं आणि हे टेबलापाशी. जहाज त्यांनी उजव्या मुठीखाली दाबून धरलं होतं, नुसत्या वजनाने नाही, बोटं आवळून. अंगठा कडेवर घट्ट. डाव्या हातात चिमटा. समोर वेगळी काढलेली वाटी होती, ओळख न पटलेल्या तोफांची.

“ह्या कुठे लावताय? ह्या तर कुठल्याच नाहीत म्हणाला होतात.”

“ह्या हिच्या नायत,” हे म्हणाले, मान वर न करता. “कुणाच्या हायत ते आता कळणारही नाय. नळी एकच हाय, माप जवळपास हाय. लावतोय.”

जहाजाच्या एकेका खिडकीचं भोक मोजणारा हा माणूस. मी बसले. जहाज जवळून पाहिलं. मागच्या दोन तोफा किंचित बुटक्या होत्या, डोलकाठी डावीकडे कललेली, आणि कडेला, जिथे मूठ आवळली होती, तिथे ओल्या गोंदात अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघान्‌रेघ.

“ठसा दिसतोय ना?” त्यांनी विचारलं.

“दिसतोय.”

“लांबून?”

“लांबूनही.”

ते थोडा वेळ जहाजाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे जहाज भिंतीवर आपटणार. “पॉलिश पेपर आण जरा,” ते म्हणाले. “स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागं ठेवलायस तू.”

मी उठले नाही. दुखण्याचा, रागाचा किंवा धडा शिकवण्याचा काही प्रश्न नव्हता. पाय उचलत नव्हते, बस. मी चपलाही काढल्या नव्हत्या.

“तुम्हीच आणा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चिमटा ठेवला, उजव्या हाताची मूठ डाव्या हाताने एकेक बोट उलगडून जहाजावरून सोडवली, टेबलाचा आधार घेतला आणि गेले. स्वयंपाकघरात डबे सरकल्याचा आवाज आला, एक झाकण पडलं, घरंगळत भिंतीला जाऊन आपटलं. मी जागेवरून हलले नाही. ते बऱ्याच वेळाने आले. कोपरापर्यंत पीठ लागलं होतं. पॉलिश पेपर त्यांच्या उजव्या हातात होता; अंगठा आणि दोन बोटांच्या मध्ये, धड मूठ नाही, धड चिमूट नाही, पण पडत नव्हता.

“काय बघतेस? जहाज धर,” हे म्हणाले. मग थांबले. “नको. बस तू. मी बघतो.”